एकट्याच?

सासष्टाव्या वर्षी मी एकटीनं मांडूला जायचं ठरवलं, म्हणजे इंदूरहून शंभरेक किलोमीटर, चंद्रावर नाही, पण पुण्याहून लेकाचा लगेच फोन.
"कोण कोण जाताय?"
"मी."
"आणि?"
"आणि पिशवी."
शेवटी लाइव्ह लोकेशन चालू ठेवायच्या अटीवर व्हिसा मिळाला, तोही आठ तासांचा, मग परत रिन्यू करायचा. शेजारीण तर हळूच दार लोटून विचारायला आली, "सुनेशी काही झालं का हो?" आता सून पुण्यात, मी रामबागेत, भांडायचं तरी कसं!

गंगवाल स्टँडवरून धारची बस पकडली, धारला बदलायची. कंडक्टर म्हणाला, "माताजी, साथ में कौन है?" आणि मागे वळून बघितलं सुद्धा, जणू मी कोणाला लपवून आणलंय.

एकटीनं फिरण्यातली खरी अडचण मात्र कोणीच सांगत नाही. बाथरूमला जाताना पिशवी कोणाकडे द्यायची? आमचे हे अशा वेळी बाहेर खांबासारखे उभे राहायचे, तोंड वाकडं करून, आणि मी आत जाऊन निवांत. त्यांना जाऊन सात वर्षं झाली पण धारच्या स्टँडवर आली तेवढी आठवण श्राद्धाला पण आली नव्हती, खरंच सांगते. शेवटी एका बाळवाल्या बाईला म्हटलं, बहनजी जरा देखना. परत आले तर ती म्हणते, "अम्मा, अब आप देखो," आणि तीन पिशव्या, लसणाचं पोतं आणि ते बाळ माझ्याकडे सोपवून गेली. तेवढ्यात माझ्या बसचा हॉर्न. बाळ माझा चष्मा खातंय.

ती बस गेलीच. पुढची मिळाली.

मांडूत पाऊस अगदी बारीक, भुरभुर. रस्त्यात गोरखचिंचेची ती पोट सुटलेली झाडं, तिथे तिला खुरासानी इमली म्हणतात, एक फळ घेतलं, आंबट आहे पण बरंय. मग जहाज महाल. एकीकडे मुंज तलाव, दुसरीकडे कपूर तलाव, दोन्ही भरलेले, त्यामुळे महाल खरंच पाण्यात उभा असल्यासारखा वाटतो. घियासुद्दीन खिलजीनं जनान्यासाठी बांधला म्हणतात, म्हणजे इथे एकटं कोणी नसणारच.

मलाही राहू दिलं नाही. महाराष्ट्रातून सीनियर लोकांची टूर आलेली, त्यांनी मराठी ऐकलं आणि "अगंबाई, एकट्याच? या आमच्यात!" हातात थालीपीठ ठेवलं. टूरवाला मुलगा शिट्टी फुंकून मोजायला लागला. बेचाळीस. परत मोजले, बेचाळीस. "अहो एकेचाळीस पाहिजेत!" घामाघूम झाला बिचारा. मी गप्प, थालीपीठ संपायचं होतं ना.

मग सांगितलं.

त्यांना इथे वीसच मिनिटं होती, पुढे रूपमतीचा मंडप, मग होशंगशहाची कबर, मग जेवण. एक काका बुटाची लेस बांधता बांधता म्हणाले, "तुमचं पॅकेज किती दिवसांचं?"
"कंटाळा येईपर्यंतचं."
काकांनी शिट्टीवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उगाच ती लेस परत सोडून परत बांधली.

ते गेले आणि गच्चीवर मी, पाऊस आणि दोन माकडं. किती वेळ बसले कोण जाणे. मग फोन.
"आई! लोकेशन दोन तास हललेलंच नाहीये, फोन हँग झालाय का?"
"नाही रे, मीच हलले नाहीये."