तारीख पेन्सिलीने लिहावी

सुपरहिरोच्या पिक्चरची तारीख कॅलेंडरवर लिहायचीच असेल तर पेन्सिलीने लिहावी, आणि पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला खोडरबर आहे ना, हे आधी बघून घ्यावं. खात्री पटत नसेल तर 'ब्लेड'चं उदाहरण घ्या. जुलै २०१९मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या जत्रेत, मार्व्हलने हा पिक्चर जाहीर केला. नायक होणाऱ्या माहेरशाला अलीने स्टेजवर 'ब्लेड'ची टोपी चढवली आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पुढे तारीख ठरली ३ नोव्हेंबर २०२३. तिची झाली ६ सप्टेंबर २०२४. मग १४ फेब्रुवारी २०२५. मग ७ नोव्हेंबर २०२५. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये वेळापत्रकातून नावच गायब! दरम्यान दोन दिग्दर्शक आले आणि गेले. नायकाचं काम रक्तपिपासूंचा पाठलाग करणं. आम्ही नायकाचा पाठलाग केला आणि रक्त आमचं आटलं.

यात स्टुडिओची लबाडी असते असं मी म्हणणार नाही. त्यांचा हिशेब सरळ असतो. चांगला शुक्रवार दुसऱ्याने पटकवायच्या आत अडवून ठेवायचा, त्यावर कोणता पिक्चर बसवायचा ते मागाहून बघू. म्हणून तर वेळापत्रकात वर्षानुवर्षं 'शीर्षक न ठरलेला मार्व्हल चित्रपट' अशा ओळी दिसतात. आम्ही त्या ओळीवरही हुरळतो. शीर्षक नाही, कथा नाही, नट नाही, तरी 'हा नक्की एक्स-मेनच' म्हणून पैजा लागतात.

तेव्हा उत्साहाची मात्रा ठरवून घ्यावी. स्टेजवर नाव झळकलं: एक टाळी. दिग्दर्शक नेमला: दुसरी, पण हात मोकळे ठेवून, कारण 'सर्जनशील मतभेद' कधीही उद्भवतात. शूटिंग सुरू झालं: आता मित्रांना कळवायला हरकत नाही. शूटिंग संपलं: पिक्चर मोठा असेल तर व्हीएफएक्स आणि पुनर्चित्रणासाठी आणखी वर्षभर धरा. आणि एवढं होऊनही 'बॅटगर्ल' आहेच. शूटिंग पूर्ण झालेला तो पिक्चर ऑगस्ट २०२२मध्ये स्टुडिओने कायमचा कपाटात टाकला. 'द न्यू म्युटंट्स' एप्रिल २०१८मध्ये यायचा होता, तो आला ऑगस्ट २०२०मध्ये. बॅटमॅनच्या दुसऱ्या भागाचं मात्र कौतुक वाटतं. ३ ऑक्टोबर २०२५, मग २ ऑक्टोबर २०२६, मग १ ऑक्टोबर २०२७. वर्षं सरकली, पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा काही त्याने सोडला नाही. याला म्हणतात निष्ठा.

तारीख सरकते ते एक वेळ समजू शकतं. 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या बाबतीत खलनायकच सरकला. जुलै २०२२मध्ये 'द कँग डायनॅस्टी' जाहीर झाला, तारीख २ मे २०२५. आम्ही कँगचा कॉमिक्समधला सगळा वंशवृक्ष पाठ केला. तो काळात मागेपुढे फिरत असल्यामुळे त्या वृक्षाची मुळं वर आणि फांद्या खाली आहेत. जुलै २०२४मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियरने स्टेजवर मुखवटा काढला, खलनायक झाला डॉक्टर डूम, पिक्चर झाला 'डूम्सडे', तारीख १ मे २०२६. नंतर १८ डिसेंबर २०२६. कँगचा अभ्यास कुठे जमा करायचा, ते कुणी सांगितलं नाही.

त्यातच २६ मार्च २०२५ उजाडला. 'डूम्सडे'चे कलाकार जाहीर होणार होते. कसे? तर खुर्च्यांच्या पाठीवर लिहिलेल्या नावांतून. कॅमेरा हळूहळू सरकतोय, एक खुर्ची दिसते, तिच्यावर नाव, आणि मग बराच वेळ काही नाही. पाच तासांहून जास्त वेळ हे चाललं आणि नावं निघाली २७. म्हणजे साधारण बारा मिनिटांना एक खुर्ची! जगभरातले लाखो सुबुद्ध लोक रिकाम्या खुर्च्या बघत बसले होते, आणि 'पुढची रंगीत वाटते' अशी चर्चा करत होते. पुन्हा असा प्रसंग आला तर एक लक्षात ठेवा: दोन खुर्च्यांच्या मध्ये अंघोळ सहज होते, जेवण मात्र होत नाही.

ट्रेलर हे वेगळंच शास्त्र आहे. अडीच मिनिटांचा ट्रेलर, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३,६०० फ्रेम. साधा माणूस अडीच मिनिटांत मोकळा होतो. आम्ही यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबत एकेक फ्रेम मागेपुढे करतो. बघायचं काय? मागच्या भिंतीवरचं पोस्टर, वर्तमानपत्राचा मथळा, चष्म्याच्या काचेतलं प्रतिबिंब. व्हिडिओ मात्र सर्वांत वरच्या रेझोल्युशनवर ठेवा. हलक्या प्रतीच्या व्हिडिओत काळोखाचे चौकोनी ठोकळे पडतात, आणि उजेड वाढवला की त्या ठोकळ्यांत हमखास एक चेहरा दिसतो. मार्व्हलचा सैतान मेफिस्टो असाच कित्येकदा सापडलेला आहे.

शिवाय ट्रेलर खोटं बोलतो, हे गृहीत धरावं. 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये हल्क वाकांडाच्या मैदानात धावताना दिसला. पिक्चरमध्ये ते दृश्यच नाही. स्पायडरमॅनच्या 'नो वे होम'ला तर याहून बहार. त्याच्या ब्राझीलच्या ट्रेलरमध्ये लिझार्ड या खलनायकाच्या जबड्याला फटका बसतो, मान मागे जाते, पण मारणारा कुणी दिसतच नाही! दुसऱ्या स्पायडरमॅनला पुसून टाकलं, त्याचा ठोसा पुसायचा राहिला. इकडे आधीच्या पिक्चरांतला स्पायडरमॅन अँड्र्यू गारफिल्ड मुलाखतीमागून मुलाखतीत 'मी त्यात नाही' म्हणत होता. डिसेंबर २०२१मध्ये तो अर्थातच त्यात निघाला. त्याचा दुष्परिणाम आजपर्यंत भोगतोय: आता कुणी खरोखरच नसला आणि 'मी नाही' म्हणाला, तरी आम्ही त्याचं नाव पक्कं धरतो.

पिक्चर लांबला की माणूस कॉमिक्सकडे वळतो, आणि तिथे खिशाला कात्री लागते. कॉमिक निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी त्याची जाहिरात येते, तीनेक आठवडे आधी दुकानदाराची मागणी पक्की होते. म्हणजे आतली गोष्ट वाचायच्या आत किती प्रती हव्यात ते ठरवायचं. त्यात एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठं. 'एकास पंचवीस' असं लिहिलेलं मुखपृष्ठ म्हणजे दुकानदाराने साधे २५ अंक मागवले तर त्याला ते एक मिळतं. त्या पंचविसांचा भार तो कुणावर टाकतो, हे त्या एका प्रतीची किंमत बघून समजतं. एखादं पात्र पिक्चरमध्ये येणार अशी नुसती कुजबुज झाली की त्याच्या पहिल्या अंकाचा भाव चढतो. पिक्चर पुढे गेला की भाव उतरतो. घेणारे चढत्या भावात घेतात. ही परंपरा आहे.

मेलेल्या हिरोसाठी तर मुळीच रडू नये. नोव्हेंबर १९९२मध्ये सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडावर बांधायची काळी फीत. एक प्रत फोडायला आणि एक तशीच ठेवायला, अशा लोकांनी दोन-दोन घेतल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅन परत आला, आणि तशीच ठेवलेली प्रत इतक्या जणांकडे आहे की तिला दुर्मीळ म्हणायची सोय उरली नाही. १९८८मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीने बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनला जगवायचं की मारायचं याचा फोनवरून कौल घेतला, एका फोनला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बिचारा ७२ फोनांनी गेला. २००५मध्ये तोही परत आला, आणि चांगलाच रागावलेला होता. त्याचं काय चुकलं?

जपून ठेवायचंच असेल तर कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घाला, ते उभं ठेवा, खोका तुडुंब भरू नका. पुठ्ठ्याची कोणती बाजू कॉमिककडे, यावर मैत्री तुटू शकते, म्हणून मी बोलत नाही. खरा घात करते ती चिकटपट्टी. अंक बाहेर काढताना पिशवीच्या झडपेवरची पट्टी उघडीच राहते, मुखपृष्ठ तिच्यावरून सरकतं, आणि बॅटमॅनच्या कानाएवढा रंग तिच्याबरोबर निघून येतो. आधी पट्टी पूर्ण काढावी, पिशवीच्या मागच्या बाजूला चिकटवावी, मगच अंकाला हात लावावा.

यातून तगून एकदाचा पिक्चर लागलाच, तर पाणी बेताने प्यावं. 'अ‍ॅव्हेंजर्स'चा 'एंडगेम' १८१ मिनिटांचा होता. शेवटची नामावळी लागली की नवखे उठतात, आम्ही उठत नाही, कारण २००८च्या 'आयर्न मॅन'पासून नामावळीनंतर काहीतरी दाखवायची रीत पडली. 'एंडगेम'च्या शेवटी आम्ही पाय आवळून हजारो नावं वाचली. पडदा काळा झाला. दृश्य नव्हतंच, फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला. ठण, ठण, ठण. पहिल्या पिक्चरमधला, गुहेत चिलखत घडवतानाचा. तो श्रद्धांजली म्हणून होता की पुढच्या पिक्चरची खूण होती, यावर स्वच्छतागृहाच्या रांगेतच दोन तट पडले.