‘नोकरीत इंटिग्रेशन करतं कोण?’ : एका फॉरवर्डला उत्तर

इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस (बदलाचा वेग आणि साठवण यांचं गणित) म्हणजे पोरांचा निव्वळ छळ. नोकरीत कुणी इंटिग्रेशन करत नाही, अ‍ॅप किंवा एआय ते दोन सेकंदांत करतं, बारावीत झालेलंच पुन्हा शिकवतात, विषय इंग्रजांनी आपल्या माथी मारलेला, आणि ठेवलाय तो केटी लावायला, म्हणजे नापास करून विषय मागे ठेवायला. मी पहिल्या वर्षाला एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर शिकवतो. म्हणजे यात माझं पोट आहे, हे आधीच कबूल.

पहिला मुद्दा नोकरीचा. जुलै-ऑगस्टमधलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. कोयनेत आवक इतके हजार क्युसेक्स, विसर्ग इतका, साठा इतके टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा झाला वेग. टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, ही झाली साठवण. वेगावरून साठवण काढायची म्हणजेच इंटिग्रेशन. समजा, सकाळी आठला आवक 70 हजार क्युसेक्स आहे. तिला दिवसाच्या 86,400 सेकंदांनी गुणलं तर सहा टीएमसी पाणी यायला हवं. पण सहा तासांनी पाऊस ओसरला आणि उरलेले अठरा तास आवक 10 हजारांवरच राहिली, तर दिवसभरात प्रत्यक्षात येतात दोनाहून थोडे जास्त टीएमसी. कोयनेची एकूण क्षमता 105.25 टीएमसी. धरण काठोकाठ आलं असताना असा जवळपास चार टीएमसीचा घोळ कुणाला परवडेल?

आणखी एक गंमत. विसर्ग 30 हजार आहे, आवक 70 वरून 50 हजारांवर आली. लगेच बातमी येते, ‘आवक घटली’. लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण धरण अजून भरतंच आहे, सेकंदाला 20 हजार घनफुटांनी. पातळी सर्वांत वर असते ती आवकेचा कळस होतो तेव्हा नाही, तर आवक उतरत उतरत विसर्गाला गाठते तेव्हा. डेरिव्हेटिव्ह (त्या क्षणाचा बदलाचा वेग) शून्य झालं की मॅक्सिमम, हे बारावीचं वाक्य ते हेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात ज्यांनी कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाचे आकडे तासातासाला पाहिले, त्यांना हे मी सांगायची गरज नाही. कागदावर इंटिग्रेशनच्या चिन्हाचा लांबट एस काढून कुणी बसत नाही, हे खरं. पण वेग आणि साठा यांतला फरक ज्याच्या अंगात मुरलेला नाही, त्याच्या हाती दरवाजे द्याल का?

‘अ‍ॅप करतं.’ करतंच. पण ही बातमी साठ वर्षं जुनी आहे. 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जेम्स स्लेगल यांनी पीएचडीसाठी ‘सेंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या वर्षाच्या पेपरातली इंटिग्रेशनं तो सोडवायचा. तरी विषय बंद पडला नाही, कारण उत्तर काढणं हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. मागच्या सत्रात एका मुलीने मला वही दाखवली. वन अपॉन एक्स स्क्वेअरचं इंटिग्रेशन, उणे एकपासून एकपर्यंत. तिने सूत्र लावलं, मायनस वन अपॉन एक्स, वरची किंमत घातली, खालची वजा केली, उत्तर उणे दोन. पायऱ्या सगळ्या बरोबर. मी म्हटलं, इंटिग्रेशन म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ, आलेख काढ. काढला. वक्र सगळाच्या सगळा अक्षाच्या वर. ती बघत राहिली. ‘सर, वर असलेल्याचं क्षेत्रफळ उणे कसं येईल?’ मग बोट शून्यावर गेलं, जिथे ते फंक्शन आभाळाला भिडतं. क्षेत्रफळाला मर्यादाच नाही, सूत्र तिथे लागूच होत नव्हतं. चांगलं अ‍ॅप हे सांगतं, पण सूत्रात आकडे घालणारी एक्सेलची शीट सांगत नाही. आणि त्या मेसेजमध्ये ज्या एआयचे गोडवे गायलेत, त्याला शिकवतात तेच मुळी कॅल्क्युलसमधला चेन रूल वापरून!

‘बारावीत झालेलंच.’ थोडं खरं आहे. रोल आणि लाग्रांजची प्रमेयं बारावीलाही असतात. पण तिथे वाय एकट्या एक्सवर अवलंबून, इथे एकाच वेळी अनेक गोष्टींवर. पार्शल डेरिव्हेटिव्ह, जेकोबियन, डबल इंटिग्रल हे बारावीत कुठून येणार?

इंग्रजांचं म्हणाल, तर भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ‘तात्कालिक गती’ आहे. चंद्राचा वेग सतत बदलतो, दिवसाची सरासरी धरून भागत नाही, म्हणून त्या क्षणाची गती. त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. (यावरून ‘न्यूटनने कॅल्क्युलस चोरलं’ असा दुसरा फॉरवर्ड कृपया सुरू करू नका, त्याला पुरावा नाही.)

राहिली केटी. इथे मात्र मला हात झटकता येत नाहीत. आमचे पेपर साच्यातले असतात. डीयूआयएसचे (इंटिग्रलच्या चिन्हाखाली डिफरन्शिएशन) ठरलेले प्रकार, कर्व्ह ट्रेसिंगचे ठरलेले वक्र, मागच्या पाच वर्षांचे पेपर घोटले की माणूस तरतो. मला स्वतःला एम-टूला केटी लागली होती. पुढच्या खेपेला रिडक्शन फॉर्म्युले पाठ करून सुटलो, तेव्हाही आपण नेमकं कशाची बेरीज करतोय याचा पत्ता नव्हता.

आता वर्गात धरणाचं गणित घेतो. पाच-दहा मिनिटं सगळे ऐकतात. मग मागच्या बाकावरून हात वर होतो. ‘सर, हे पेपरला येतं का?’

नाही येत.