छुप्या कॅमेऱ्यासमोर गाडी कशी चालवावी

सुजाण वाहनचालकहो, रस्त्याकडेच्या झाडाआड उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून आपल्यावर स्पीडगन रोखली जाते याबद्दल कुरकुर करणे, हे नागरिकशास्त्राचा अभ्यास कच्चा राहिल्याचे लक्षण आहे. कॅमेरा दिसावा आणि त्याच्या अलीकडे तशी सूचना देणारा फलक असावा, अशी भाबडी अपेक्षा काही माणसे अजूनही बाळगतात. परवापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. परवा संध्याकाळी माझ्या फोनवर एकापाठोपाठ एक अशी चार ई-चलाने आली, प्रत्येकी 2,000 रुपयांची, आणि 8,000 रुपयांत माझे शिक्षण पुरे झाले. त्या शिक्षणाचा लाभ तुम्हांला फुकट मिळावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

सर्वप्रथम, गाडी चालवताना रस्त्याकडे पाहण्याची जुनी सवय सोडा. पाहायचे ते झाडांकडे. कडुनिंबाच्या बुंध्याआड एक माणूस सहज मावतो, वडाखाली अख्खे वाहन उभे राहते, आणि उड्डाणपुलाच्या खांबामागे काय काय मावते याची कल्पना पूल बांधणाऱ्यालाही नसेल. समोर म्हैस आडवी आली तर तो तुमच्या नशिबाचा भाग समजावा.

नंबरप्लेटवरचा चिखल धुऊ नये.

दंड लगेच भरण्याची घाई करू नये, लोकअदालत आहेच.

आता फलक लावून उघडपणे बसवलेल्या कॅमेऱ्यांविषयी. इंग्लंडमध्ये कॅमेऱ्याचे खोके लांबून दिसावे म्हणून त्याला पिवळाधमक रंग देतात, यावरून तो देश किती मागासलेला आहे हे ध्यानात येईल. आपल्याकडे असा दिसणारा कॅमेरा आढळला, तर त्याच्या शंभर मीटर अलीकडे करकचून ब्रेक दाबावा, मागच्याला आपल्या डिकीचे जवळून दर्शन घडवावे, आणि कॅमेरा मागे पडताच दुप्पट जोमाने सुटावे. छुप्या कॅमेऱ्याचे समर्थक नेमके याच वागण्याकडे बोट दाखवतात आणि त्यात ते चूक नाहीत, हे मलाही मान्य करावे लागते. मात्र त्यावरचा उपाय लपण्यात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधले अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांचा भागाकार करून सरासरी वेग काढण्याची सोय आहे. मोटारीला शंभराची मर्यादा असलेल्या पट्ट्यात दहा किलोमीटर सहा मिनिटांच्या आत पार केले की हिशेब तुमच्या विरोधात जातो, मग कमान लांबून दिसली म्हणून काही बिघडत नाही. आपले लोक त्यावरही फूड मॉलवर वडापाव खात सरासरी खाली आणतात, ती गोष्ट वेगळी. निदान तेवढा वेळ तरी गाडी उभी असते!

यापुढचा सल्ला सर्वांत मोलाचा आहे: कायदा वाचू नका. मी वाचला, म्हणून झोप उडाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167-अ हा नियम घालण्यात आला. ज्या टापूवर वेग टिपणारे यंत्र लक्ष ठेवणार आहे त्याच्या आधी ठळक दिसतील असे सूचनाफलक लावावेत आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत चालकाला नोटीस जावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे कॅमेरा जाहीर असावा की छुपा, हा वाद चहाच्या टपरीवर आपण कितीही रंगवला, तरी नियम करणाऱ्यांनी त्याचा निकाल तेव्हाच लावला होता. आता माझा हिशेब ऐका. दर शनिवारी सकाळी मी वडिलांना भेटायला गावी जातो. वाटेत एक उड्डाणपूल लागतो आणि त्याच्या उतारावर ताशी 80 ची मर्यादा एकदम 40 वर येते. तसे सांगणारा फलक तिथे आहे, हे मला चार ई-चलाने आल्यानंतर, मुद्दाम उतरून चालत गेल्यावर कळले. कारण तो करंजाच्या फांद्यांत पार बुडालेला आहे. कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक तर फांद्यांतही नाही. स्पीडगनची गाडी त्याच करंजाखाली उभी राहते. एकाच झाडाने मर्यादाही झाकली आणि मर्यादेचा रखवालदारही झाकला, याला शासकीय काटकसर म्हणतात.

पहिल्या शनिवारी माझा वेग 61 होता, दुसऱ्या शनिवारी 63, तिसऱ्या शनिवारी 58 आणि चौथ्या शनिवारी 64. पहिला संदेश आला तो 47 दिवसांनी, उरलेले तीन त्याच्या पाठोपाठ दहा मिनिटांत. छुपा कॅमेरा असला की माणसाला सगळीकडेच धाक राहतो, असे जे आपल्याला समजावले जाते, ते या हिशेबाला लावून पाहा. मला धाक वाटणार तरी कधी होता? चुकीची बातमीच मला दीड महिन्याने कळली, आणि तोवर तीच चूक मी, कोणी न रोखल्यामुळे, आणखी तीनदा करून बसलो होतो. मूल पाटीवर चुकीचे अक्षर गिरवत असताना गुरुजींनी दाराआडून नुसते मोजत बसावे आणि सहामाहीला निकालपत्र हातात द्यावे, तशातली ही गत आहे.

तेव्हा वाहनचालकहो, शेवटचा सल्ला असा की, वेग कमी करण्याची... नाही, पुरे झाली ही थट्टा.

त्या उताराच्या खाली शाळेचा फाटा आहे. शनिवारी शाळा सकाळची असते आणि मी तिथून जातो तेव्हा ती नुकती सुटलेली असते. मी साठाच्या पुढे होतो. ती माझी चूक, तिचा दंड मी भरला, लोकअदालतीची वाट न पाहता. या देशात 2022 साली 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली आणि सरकारी नोंदींप्रमाणे त्यांतल्या दहांपैकी सात मृत्यूंचे कारण अतिवेग होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मला कॅमेरा हवाच आहे. पण साहेब, तुम्ही झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता, पोरे रस्ता ओलांडत होती, माझी गाडी 64 च्या वेगाने उतरत होती, आणि तुम्ही मला थांबवले नाही, फोटो काढलात! चार शनिवार काढलात! त्या चारांपैकी एखाद्या शनिवारी एखादे पोर मध्ये आले असते, तर तुमच्या यंत्रात माझा वेग आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक नोंदवलेली असती, आणि ती नोंद घेऊन तुम्ही कोणाच्या दारात गेला असता? उतार सुरू होण्याआधी एक पिवळी पाटी, रस्त्यावर चार पांढरे पट्टे आणि अंगात गणवेश घालून उघड्यावर उभा असलेला एक माणूस, एवढ्याने मी पहिल्याच शनिवारी 40 वर आलो असतो. मग 8,000 रुपये मिळाले नसते, हे खरे. तीच अडचण असेल तर तसे स्पष्ट सांगा, पण त्याला रस्ता सुरक्षा म्हणू नका.

आणि ती फांदी कापायला निविदा लागत नाही, कोयता लागतो. तो माझ्या घरी आहे. येत्या शनिवारी घेऊन येतो. सरकारी झाड छाटले म्हणून दंड करायचा असेल तर अवश्य करा, फक्त त्याच दिवशी, समोर येऊन करा.