लाक्विलाचे शास्त्रज्ञ बोलले म्हणून अडकले नाहीत

नमस्कार सर,

शास्त्रज्ञांनी लोकांशी थेट बोलावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इटलीतल्या लाक्विला शहरातल्या भूकंपाचं भाकीत करता आलं नाही म्हणून सहा शास्त्रज्ञांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तेव्हा संशोधकाने आपलं काम करावं आणि माईकपासून लांब राहावं. शिवाय सामान्य माणसाला शक्यतेची भाषा कळत नाही, नुसती घबराट पसरते.

लाक्विलाचा दाखला तुम्ही दिलात, पण माझ्या मते तो तुमच्याच विरोधात जातो.

२००९ साली त्या शहराला कित्येक आठवडे लहान धक्के बसत होते. एक तंत्रज्ञ जमिनीतून निघणारा रेडॉन वायू मोजून मोठ्या भूकंपाची भाकितं करत होता आणि लोक धास्तावले होते. ३१ मार्चला नागरी संरक्षण खात्याने तज्ज्ञांची बैठक तिथे बोलावली. ही बैठक मुख्यतः माध्यमांसाठी आहे, असं खातेप्रमुख फोनवर सांगत होते, हे पुढे उघड झालं. बैठक तासाभरात आटोपली. मोठ्या भूकंपाची शक्यता कमी आहे, पण ती पूर्णपणे नाकारता येत नाही, असं शास्त्रज्ञांनी आत सांगितल्याचं इतिवृत्तात आहे. लोकांनी मात्र टीव्हीवर खात्याचे उपप्रमुख बर्नार्डो दे बर्नार्दिनिस यांना ऐकलं. धोका नाही, उलट ऊर्जा हळूहळू बाहेर पडतेय हे चांगलंच आहे, असं ते म्हणाले. मग निवांत वाइन प्यायची का, या प्रश्नावरही त्यांनी होकार दिला. ही मुलाखत बैठकीच्या आधीच घेतलेली होती!

तुम्ही भूगर्भशास्त्र शिकवता, त्यामुळे त्यातली चूक तुम्हाला सांगायला नको. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ तीव्रतेचे हजारेक धक्के लागतात. चार-दोन महिन्यांच्या किरकोळ धक्क्यांनी जमिनीतला ताण संपत नाही. हे वाक्य त्याच दिवशी खोडून काढायला हवं होतं. त्या खोलीतल्या कुणालाही ते पाच मिनिटांत जमलं असतं.

धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र चौकात किंवा गाडीत काढायची, ही त्या भागातल्या जुन्या लोकांची रीत. ५ एप्रिलच्या रात्री दोन धक्के जाणवले. काही जण रिवाजाप्रमाणे बाहेर पडले. टीव्हीवरचा दिलासा आठवून आम्ही घरातच थांबलो, असं कुटुंबातली माणसं गमावलेल्यांनी कोर्टात सांगितलं. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली.

खटला भाकीत चुकल्याचा नव्हता. धोक्याचा अंदाज वरवर घेतला आणि लोकांची चुकीची समजूत करून दिली, हा आरोप होता. २०१२ ची सहा वर्षांची शिक्षा अन्यायाची होती, हे मलाही मान्य आहे. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. शिक्षा कायम राहिली ती फक्त दे बर्नार्दिनिस यांची, तीही दोन वर्षांवर आणून. म्हणजे बहुतेक शास्त्रज्ञ गप्प राहिले आणि त्यांच्या नावाने दुसराच बोलला. तुम्ही सुचवता तो मार्ग तिथे वापरून झाला होता.

राहिला शक्यतेचा मुद्दा. पाऊस पडेल की नाही याची खात्री नसताना पेरणी करणाऱ्या माणसाला शक्यता कळत नाही, हे मला पटत नाही. त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं : ‘असे धक्के बहुतेक वेळा आपोआप थांबतात. क्वचित मोठा भूकंपही येतो, आणि या वेळी काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही. तुमचं घर जुनं, दगडी असेल तर धक्का जाणवल्यावर बाहेर झोपा.’ यात न कळण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे किल्लारीलाही १९९३ च्या आधीच्या वर्षी धक्के बसले होते. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं धक्क्यात टिकत नाहीत, हे सांगायला कुठल्याही भाकिताची गरज नव्हती. ३० सप्टेंबरच्या पहाटे माणसं त्याच माळवदांखाली गाडली गेली. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, तेव्हाही डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लोक घराबाहेर झोपत होते. त्यांना भूकंपाची तारीख नको होती, घरात झोपायचं की नाही हे विचारायचं होतं.

म्हणून तुमच्यासारख्या जाणकाराला माझी विनंती आहे. तुमच्या जिल्ह्यात धक्के जाणवले आणि एखाद्या वार्ताहराचा फोन आला, तर कृपया तो घ्या. तुम्ही नाही घेतलात तर तो दुसऱ्या कुणाला तरी लावेल, कारण बातमी त्याला संध्याकाळच्या आत द्यायची असते.