मराठी वाचवा, फक्त स्वतःच्या घरात नको

१६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. मधले अडीच महिने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मराठीचा नुसता गजर चालला होता. आघाडीवर माझे काका. त्याच काकांनी जूनमध्ये मला अमेरिकेत फोन करून बजावलं, "अगं, पोराशी मराठी बोलणं थांबव. घरात इंग्रजीच ठेवा. दोन भाषांत गोंधळतंय ते."

पोरगं अडीच वर्षांचं. बसणं, चालणं सगळंच उशिरा, आणि बोलण्याचा पत्ता नाही. हाक मारली तर कधी वळायचा, कधी ढिम्म. "लबाड आहे, कळतं सगळं त्याला," असं आम्हीच कौतुकाने म्हणायचो. जन्मानंतरची श्रवणचाचणी पास झालेला, त्यामुळे कानाचा विषय आमच्यापुरता संपलेला होता.

मग टिम्पॅनोग्राम काढला, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी होती, आली सपाट. पडद्यामागे चिकट पाणी. ठणका नाही, ताप नाही, कान वाहणं नाही. लहान मुलांत कान आणि घसा जोडणारी नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की निचरा तुंबतो. पाणी कमीजास्त होतं तसं ऐकूही कमीजास्त येतं. आमची 'लबाडी' ती हीच.

त्या रात्री मी कानात बोटं घालून नवऱ्याला बोलायला लावलं. आवाज येतो, शब्द विरघळतात. 'आलास'मधला 'स' आधी जातो, उरतं 'आला'. तू आलास की तो आला, हे त्या एका 'स'वर ठरतं!

इथे अमेरिकेत तीन वर्षांखालच्या, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन ही सरकारी सेवा आहे. नाव गेल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि योजनेची पहिली बैठक व्हावी असा नियम. थेरपिस्ट घरी येते, पोरासमोर जमिनीवर बसते. तिने आधी विचारलं ते हे, की तुम्हाला कुठली भाषा सहज येते? मराठी? मग तीच बोला. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. उलट आईच शब्द शोधत बसली तर मुलाच्या कानावर बोलणंच कमी पडतं.

म्हणून इथलं सगळं गोड, असं नाही. तीन वर्षं पूर्ण झाली आणि ती थेरपिस्ट गेली. फाइल शाळा खात्याकडे, पुन्हा पहिल्यापासून तपासण्या. कानाच्या डॉक्टरांनीही "तीन महिने थांबून बघू" म्हटलं होतं. बोलणं आधीच मागे असलेल्या मुलासाठी ग्रोमेटचा, म्हणजे पाणी साचू नये म्हणून पडद्यात बसवायच्या बारीक नळीचा, विचार लवकर करता येतो, हे त्यांच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. ते मला छापून न्यावं लागलं.

आणि आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच पालघरमधून. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायची, विकासातला उशीर हेरायचा, जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं. आमच्या ग्रुपवर हे कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, उगाच शहाणपणा नको. हिंदीची सक्ती गेली ते बरंच झालं असं माझं मत. पण मुलांच्या मेंदूला किती भाषा झेपतात यावर दोन्ही बाजू इतकं भांडल्या, आणि मागच्या बाकावरच्या पोराला पहिली भाषा तरी धड ऐकू येते का, हे आमच्या ग्रुपवर एकानेही विचारलं नाही.

ग्रोमेट बसवून चार महिने झाले. जादू वगैरे काही नाही. जिना अजून बसूनच उतरतो. पण पहिल्या दिवशी नळ सोडला तर दचकून माझ्याकडे बघत राहिला. आता सात शब्द आहेत, त्यातले पाच मराठी. पाण्याला 'पाई' म्हणतो.

तो व्हिडिओ काकांना पाठवला. अंगठा आला. खाली लिहिलं होतं, "छान! इंग्रजी कधी?"