आउटलूक बंद पडतंय म्हणून ‘ती मोठी फाइल’ उडवू नका

गेले काही दिवस एक मेसेज कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या, अकाउंटंटांच्या आणि उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. लॅपटॉप दुरुस्ती हाच माझा धंदा असल्यामुळे मला तो एकट्या या आठवड्यात सात जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लॅपटॉपवरचं जुनं आउटलूक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम, आपोआप बंद होत असेल तर व्हायरस शिरलाय, नाहीतर कंपनीनेच जुनी आवृत्ती बंद पाडलीय. उपाय म्हणून रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदी साफ करणारा प्रोग्रॅम) चालवा, रॅम वाढवा, पीएसटी नावाची मोठी फाइल डिलीट करा, ती आपोआप नवी तयार होते. तरीही जमलं नाही तर फॉरमॅट मारा. शेवटी जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

मेसेजातला क्रम सोडून मी फाइलपासून सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी वेळ आणि पैसा जाईल, या सल्ल्याने मेल जातात.

सात जणांपैकी एकाचा शिरोलीत कास्टिंगचा कारखाना आहे. त्यांचा फोन आला, “आपोआप बंद पडालंय ओ. मेसेजात सांगितल्यागत ती फाइल उडवू का?” म्हटलं, हात लावू नका, लॅपटॉप घेऊन या. उघडून बघितलं तर फाइल 14 जीबीची. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डरी, रिजेक्शनची भांडणं, सगळं त्या एका फाइलीत. सर्व्हरवर काहीच नव्हतं, कारण मेलबॉक्स सारखा भरतो म्हणून कुणीतरी ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ची टिक कधीच काढून टाकलेली. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत पॉप खात्यांची, म्हणजे सर्व्हरवरचे मेल लॅपटॉपवर उतरवून घेणाऱ्या खात्यांची, हीच तऱ्हा असते.

ही गफलत कुठून आली ते कळतं. आउटलूकच्या दोन तऱ्हेच्या फाइली असतात. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची लॅपटॉपवरची नक्कल. ती उडवली तर आउटलूक सर्व्हरवरून पुन्हा भरून घेतं. पीएसटीचं तसं नाही. पॉप खात्यात ती फाइल म्हणजेच तुमचे मेल. ‘आपोआप नवी तयार होते’ हे खरं आहे, फक्त ती रिकामी असते. आणि रिसायकल बिनच्या भरवशावर राहू नका. बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल विंडोज तिथे ठेवत नाही, एकदा विचारतं आणि कायमची पुसतं. आपल्याकडे कोणती आहे ते फाइल मेनूतल्या अकाउंट सेटिंग्जमध्ये, डेटा फाइल्सच्या टॅबवर दिसतं.

फाइल खराब असण्याची शक्यता असतेच. त्यासाठी ऑफिससोबतच स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. ऑफिसच्या फोल्डरात शोधायचं: आउटलूक 2010 असेल तर ऑफिस14, 2013 ला ऑफिस15, 2016 ला ऑफिस16. आउटलूक बंद करून फाइलची कॉपी आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग हे चालवा. दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची टिक तशीच ठेवा. मोठ्या फाइलीला वेळ लागतो, आणि एका फेरीत सगळ्या चुका निघतीलच असं नाही. शिरोलीच्या त्या फाइलीला तीन फेऱ्या लागल्या.

आकाराचीही मर्यादा आहे, पण आवृत्तीप्रमाणे वेगळी. 2003 आणि 2007 ला साधारण 20 जीबी, 2010 पासून पुढे 50 जीबी. त्यामुळे ‘मोठी’ म्हणजे नक्की किती, हे न सांगता दिलेल्या सल्ल्याला अर्थ नाही. त्याहून जास्त वेळा मला सापडणारं कारण म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची फाइली इंटरनेटवर ठेवायची सोय. 2010 पासून नवी पीएसटी डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात जाते. पुढे कधीतरी विंडोज विचारतं, डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेऊ का? आपण हो म्हणतो. मग आउटलूक त्या फाइलीत लिहीत असतानाच वनड्राइव्ह तिला वर चढवायला बघतं. फाइल सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात हलवायची, आउटलूकला नवी जागा दाखवायची, भांडण मिटतं.

आता व्हायरस. असू शकतो, पण आउटलूक बंद पडणं हा त्याचा पुरावा नव्हे. 15 जुलै 2020 ला जगभरात असंख्य लोकांचं आउटलूक उघडल्या उघडल्या बंद पडलं. व्हायरस नव्हता, मायक्रोसॉफ्टच्याच बदलातली चूक होती आणि त्यांनीच ती दुरुस्त केली. घरबसल्या तपासायचं तर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जखाली अ‍ॅप्लिकेशन. ज्या मिनिटाला आउटलूक गायब झालं त्या वेळेची लाल खुणेची ओळ शोधा, क्रमांक 1000. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एक नाव असतं. कोण कोसळलं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते आउटलूक नसतंच.

राजारामपुरीतल्या एका सीएंच्या ऑफिसातला लॅपटॉप असाच आला होता. आउटलूक 2013, नवा मेल लिहायला घेतला की खिडकी गुल. दोन वेळा अँटिव्हायरस बदलून झालेला. लाल ओळीत नाव निघालं ते लॅपटॉपच्या ब्लूटूथ ड्रायव्हरसोबत आलेल्या एका जोडणीचं (अ‍ॅड-इन, म्हणजे आउटलूकला चिकटणारा छोटा जादा प्रोग्रॅम). मेल ब्लूटूथने पाठवायची सोय! आजवर कुणी वापरली असेल असं मला वाटत नाही. कंट्रोलचं बटण दाबून धरून आउटलूक उघडलं, सेफ मोडमध्ये जायचं का म्हणून विचारलं, हो म्हटलं. तिथे अर्धा तास मेल लिहिले, एकदाही पडलं नाही. सेफ मोडमध्ये जोडण्या चालत नाहीत, म्हणजे चोर त्यांच्यातच. मग ऑप्शन्समध्ये अ‍ॅड-इन्स, खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’पुढचं गो, आणि त्या एका नावापुढची टिक काढली. सीएसाहेब म्हणाले, “एवढंच?” बिल करताना माझी जरा पंचाईतच झाली.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये स्क्रीनच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं, तर 2013 आणि 2016 मध्ये ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करायची टिक असते. ती करून बघा.

‘कंपनीने बंद पाडलं’ यात अर्धं तथ्य आहे. 2010 चा आधार 13 ऑक्टोबर 2020 ला संपला, 2013 चा 11 एप्रिल 2023 ला, 2016 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. आधार संपला म्हणजे सुरक्षेची अपडेटं थांबली, प्रोग्रॅम चालायचा थांबत नाही. दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनी 2022 मध्ये लॉगिनची जुनी पद्धत बंद करत आणली. 2010 ला नवी पद्धत येतच नाही. पण तेव्हा काय होतं? आउटलूक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं, मेल येत नाहीत. खिडकी मात्र जागेवर असते. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि मेसेजवाल्याने त्यांची भेळ केलीय. ज्यांचं खरंच लॉगिन अडलंय त्यांनी नवी आवृत्ती घ्यावी, त्याला इलाज नाही.

रॅमबद्दल: जुनं आउटलूक बहुतेक ठिकाणी 32 बिटचं असतं. असा प्रोग्रॅम सर्वसाधारणपणे 2 जीबीच्या पुढे मेमरी वापरू शकत नाही, मग लॅपटॉपमध्ये 4 जीबी असो की 16. रजिस्ट्री क्लीनरबद्दल एवढंच, की मायक्रोसॉफ्ट स्वतः असल्या साधनांची शिफारस करत नाही आणि मी त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप दुरुस्त करतो.

फॉरमॅटच्या आधी दोन पायऱ्या शिल्लक असतात. कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसची दुरुस्ती, आणि तिथल्याच मेलमध्ये जाऊन नवं प्रोफाइल, त्याला जुनीच फाइल जोडायची. त्यानेही नाही भागलं आणि फॉरमॅटच करायचं ठरलं, तर 2007 किंवा त्याआधीपासून चालत आलेल्या लॅपटॉपवर एक बघा. त्या काळची पीएसटी डॉक्युमेंट्समध्ये नसायची, अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असायची. फॉरमॅट मारणारा पोरगा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची कॉपी घेतो, ‘बॅकअप घेतलाय’ म्हणतो, आणि मेल तिथेच राहतात.

शिरोलीच्या लॅपटॉपचं कारण सांगायचं राहिलं. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, यंत्र थेट प्लगवर. पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप धाडकन बंद, आउटलूक उघडं असतानाच. फाइल दरवेळी थोडी थोडी फाटत गेली. नवी बॅटरी बसवून दिली, पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवली. आता मुलगा दर शनिवारी ती नवी करतो, असं ते सांगतात.