दुसरा राउटर खुशाल जोडा, पण ती पिन आधी खाली ठेवा

लातूर-नांदेडकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या 'फायबर वापरणाऱ्यांनो सावधान' असा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, कंपनीच्या डब्याला (म्हणजे फायबरची वायर येते त्या मोडेमला) स्वतःचा राउटर जोडला की तो कंपनीकडून दुसरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, खेचतो आणि हा गुन्हा आहे. स्पीड निम्मा होतो, रेडिएशन दुप्पट होतं. तरी जोडायचाच असेल तर डब्यामागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबा, म्हणजे डबा नव्यासारखा होतो, आणि मग दोन्हींना एकच नाव, एकच पत्ता द्या. उदगीरच्या आमच्या मामांनी पिन दाबली. मामेबहिणीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा राहिलाय आणि घरात नेट नाही. मामी फोनवर म्हणाली, "लिहिलं होतं की दाबा म्हणून, तर दाबलं यांनी. आता केबलवाला फोनच उचलंना गेलाय."

म्हणून आधी पिनचंच बोलू. त्या छिद्रातलं बटण दाबून धरलं की डबा फॅक्टरी रिसेट होतो. कनेक्शन देताना तंत्रज्ञानं त्यात आपलं पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन व्हायचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधल्या आपल्या मार्गिकेचा, क्रमांक भरलेला असतो. रिसेट केलं की हे सगळं पुसलं जातं. काही कंपन्या या सेटिंग दुरून पुन्हा भरतात, तिथं डबा आपोआप सावरतो. पण तालुक्याच्या गावांत पुष्कळ कनेक्शनं स्थानिक केबलवाल्यामार्फत असतात. तिथं तो माणूस घरी येईपर्यंत, नाहीतर फोनवर आकडे सांगेपर्यंत, हातावर हात ठेवून बसावं लागतं. मेसेजमध्ये पुढं लिहिलंय की लाल दिवा लागला तरी हाच उपाय करा. हे तर संतापजनक आहे! डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. वायर कुठंतरी तुटलीय, जास्त वाकलीय किंवा कनेक्टर निघालाय. रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडलेली फायबर घरात पिन टोचून जोडली जात नाही. उलट वायर जोडून झाल्यावरही नेट येत नाही, कारण तोवर आपण सेटिंग पुसून बसलेलो असतो. बिघाड एक होता, त्याचे दोन झाले.

आणि दुसरा राउटर जोडायला या रिसेटची गरजच नाही. कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या बाजूच्या खाचेतून) केबल काढायची, आपल्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत येण्याच्या खाचेत) घालायची आणि तिथं कनेक्शनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी', म्हणजे पत्ता आपोआप घेणारा, ठेवायचा. पीपीपीओईचं युजरनेम दुसऱ्या राउटरमध्ये भरायचं नाही, ते काम पहिला डबा करतोच आहे.

आता गुन्ह्याचं. दुसरा राउटर कंपनीकडून काहीच खेचत नाही. त्याला पत्ता देतो तो आपल्याच घरातला पहिला डबा, आणि तो पत्ता खाजगी, म्हणजे घरातल्या घरातच चालणारा, असतो. इंटरनेटच्या नियमांच्या, फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात असे तीन गट राखून ठेवलेत: १० पासून सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. ते वापरायला कुठल्याही नोंदणी संस्थेला विचारावं लागत नाही, हे त्यातच स्पष्ट लिहिलंय. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर पत्ता एकच दिसतो, मागं एक राउटर असो की दोन. हेच कनेक्शन शेजाऱ्यांना पैसे घेऊन विकलं तर ती गोष्ट वेगळी, पण मेसेज घरातल्या घरात जोडण्याबद्दल बोलतोय.

दोन्हींच्या वायफायचं एकच नाव ठेवलं तर हरकत नाही, फोनला सोयीचंच पडतं. एकच पत्ता मात्र अजिबात देऊ नका. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वर बसले की दुसऱ्या राउटरला आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हेच कळत नाही. त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. दुसरा डबा नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायफाय पसरवण्यापुरता, वापरायचा असेल तर केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये घाला आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. नाहीतर दोघंही पत्ते वाटायला लागतात आणि घरातले निम्मे फोन 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं दाखवतात.

स्पीडबद्दल थोडं मान्य करावं लागेल. केबल न टाकता वायफाय रिपीटर लावला आणि त्यात एकच रेडिओ असला, तर तोच रेडिओ घेतो आणि तोच पुढं पाठवतो, त्यामुळं स्पीड खरोखर निम्म्यावर येऊ शकतो. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील तर त्याहून जास्तीचा प्लॅनही वाया जातो. पण केबलनं जोडलेल्या दोन राउटरमुळं स्पीड निम्मा होत नाही. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यात कंपनीचा माणूस डबा बसवून जातो दाराजवळ. मागच्या खोलीत नीटच्या अभ्यासाला बसलेल्या पोरीपर्यंत वायफाय पोचणार तरी कसं? तिथं दुसरा राउटर हवाच. कॅट-५ई केबल घ्या, १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा स्पीड, नेते.

रेडिएशनसाठी एकच ओळ पुरे. घरातल्या वायफाय राउटरच्या लहरींची ताकद साधारण ०.१ वॉट असते आणि त्या लहरी एक्स-रेसारख्या आयनीकरण करणाऱ्या, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, नसतात.

केबल ओढताना दोन्ही डब्यांची वायर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. फक्त नवा राउटर इन्व्हर्टरवर असला तर लाइट गेल्यावर वायफाय दिसत राहतं, पण कंपनीचा डबा बंद पडलेला असतो, आणि मग घरातलं कुणीतरी पुन्हा पिन शोधायला लागतं.